बक्षीस, पोस्त आणि टिप

व्याख्यानमालेत इतिहास सांगावयाचा म्हणजे पानिपत सांगावे, वसईचा तह सांगावा, निदान एखादी राज्यक्रांती तरी सांगावी, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आज आम्ही घेतलेला विषय त्या मानाने फारच लहान, शब्दशः चिल्लर आहे. जेवणाचा डबा किंवा किराण्याची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातावर काय ठेवावे, आणि किती ठेवावे, एवढाच तो प्रश्न. पण ज्यांची मुलेसुना अमेरिकेत आहेत आणि जे तिकडे चार-सहा महिने राहून आले आहेत, त्यांना विचारून पाहा. तिकडची थंडी माणूस सोसतो, तिकडची अंतरेही सोसतो. परंतु फोनवर जेवण मागविताना, ते शिजण्याच्याही आधी, पडद्यावर पंधरा, अठरा, वीस टक्के असा जो तक्ता उमटतो त्याने तो खरा गोंधळतो. अन्न आलेले नाही, आणणारा दिसलेला नाही, गरम येणार की गार हे ठाऊक नाही, आणि बक्षीस मात्र आत्ताच ठरवा! अशा गृहस्थांनी आम्हांला अनेकदा विचारले आहे की बाबा, नेमके द्यावे तरी किती?

‘किती’ या प्रश्नाचे उत्तर ‘कशाबद्दल’ हे कळल्यावाचून देता येत नाही. आणि कशाबद्दल हे पाहू गेले की आपण थेट इतिहासात शिरतो.

प्रथम शब्द पाहू. कारण आपल्या भाषेने या बाबतीत जो विवेक केला आहे तो इंग्रजीने केलेला नाही. बक्षीस हा शब्द फारसी. त्याच्या मुळाशी देणे, वाटा देणे हा अर्थ आहे, आणि संस्कृतातील ‘भज्’ धातूशी, म्हणजे आपल्या ‘भागा’शी, त्याचे दूरचे नाते लागते. पण व्यवहारात बक्षीस म्हणजे वरच्याने खूश होऊन खालच्याला दिलेले. ते कामानंतर येते, आणि देणाऱ्याच्या मर्जीने येते. पोस्त निराळी. दिवाळीला घरच्या गड्याला, भंगिणीला, न्हाव्याला, पोस्टमनला जी पोस्त दिली जाई ती मर्जीची बाब नव्हती. वर्षभर ज्याने दाराशी सेवा केली त्याचा तो ठरलेला मान होता. ती न मिळाली तर तो खुशाल मागे, आणि त्याच्या मागण्यात कोणाला गैर वाटत नसे. खेड्यातील बलुते तर याहून पक्के. सुगीला खळ्यावर येऊन सुतार-लोहार आपला वाटा नेत, त्याला बक्षीस म्हटले असते तर तो अपमान ठरला असता. राहता राहिली चिरीमिरी. ती कामाच्या आधी द्यावयाची. जे काम त्याने एरवीही करावयास हवे, ते त्याने खरोखर करावे म्हणून. कामानंतर मर्जीने ते बक्षीस, वर्षाकाठी हक्काने ती पोस्त, कामाआधी नाइलाजाने ती चिरीमिरी. हा भेद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

युरोपात मात्र या साऱ्याची सरमिसळ झाली. फ्रेंचांचे ‘पूर्बवार’ आणि जर्मनांचे ‘ट्रिंकगेल्ड’, दोहोंचाही अर्थ पिण्यासाठी पैसे. आपण ‘चहापाण्याला ठेवा’ म्हणतो, त्याचेच ते भाईबंद. फक्त पेय निराळे. इंग्रजी ‘टिप’ या शब्दाची एक व्युत्पत्ती मोठ्या हौसेने सांगितली जाते. तत्परतेची हमी मिळावी म्हणून दिलेले, अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, असे म्हणतात. ते खरे नाही. आद्याक्षरांचे शब्द बनविण्याची खोड फार अलीकडची. ‘टिप’ हा शब्द सतराव्या शतकातील इंग्लंडमधल्या चोर-भामट्यांच्या बोलीतून आला आणि त्याचा अर्थ नुसता ‘देणे’ असा होता. व्युत्पत्ती खोटी असली तरी ती लोकांना खरी का वाटली हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. टिप आधी दिली तर काम लवकर होते, हा अनुभव त्यामागे असला पाहिजे.

आपल्या पोस्तेला विलायतेत एक सख्खी बहीण होती. नाताळच्या सुमारास शिकाऊ पोरे, निरोपे, सामान पोचविणारे हे मातीचा गल्ला घेऊन फिरत आणि गिऱ्हाइके त्यात नाणी टाकीत. सॅम्युएल पेपीसच्या रोजनिशीत १६६३ च्या डिसेंबरात अशा गल्ल्यात काही टाकल्याची नोंद आहे. २६ डिसेंबरला इंग्रज जो ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात त्याचा मुष्टियुद्धाशी काही संबंध नाही. तो या गल्ल्याच्या पेटीवरून पडलेला आहे, असे बहुतेक जाणकार मानतात. वर्षातून एकदा, ओळखीच्या माणसाला, ओळखीच्या हाताने दिलेली ही देणगी. तिच्याबद्दल कधी दंगा झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

दंगा झाला तो दुसऱ्या एका चालीवरून. अठराव्या शतकातील इंग्लंडात बड्या घरी मेजवानीला गेलेला पाहुणा निघावयास लागला की दिवाणखान्यापासून दारापर्यंत नोकरांची दुतर्फा रांग लागे. एकाच्या हातात टोपी, दुसऱ्याच्या हातात काठी, तिसऱ्याच्या हातात हातमोजे. आणि प्रत्येक वस्तू परत मिळविताना त्या त्या हातावर नाणे ठेवावे लागे. या देण्याला ‘व्हेल्स’ म्हणत. एका ड्यूकच्या घरची गोष्ट त्या काळी सांगत असत. जेवून निघालेल्या एका सरदाराने आचाऱ्याच्या हातावर चांदीचे नाणे ठेवले. आचारी म्हणाला, मी चांदी घेत नाही. पाहुण्याने नाणे परत खिशात टाकले आणि आपण सोने देत नसल्याचे सांगून तो चालता झाला. गोष्ट गमतीची आहे. पण ज्यांच्या खिशात तेवढी चांदीही नव्हती असे कितीतरी भले लोक या भयाने मेजवानीची निमंत्रणे नाकारीत, हे गमतीचे नव्हते.

या चालीविरुद्ध जोनास हॅनवे नावाच्या परोपकारी गृहस्थाने १७६० साली पत्ररूपाने एक पुस्तक लिहिले. (लंडनच्या रस्त्यातून छत्री घेऊन चालणारा पहिला पुरुष म्हणून हॅनवेची ख्याती आहे. त्याबद्दल गाडीवाले त्याची टर उडवीत. लोक छत्र्या वापरू लागले तर त्यांच्या भाड्याचे काय होणार?) व्हेल्समागचे खरे कारण त्या काळच्या विचारी लोकांना उमगले होते. यजमान नोकरांना पगार कमी देत, कारण उरलेला पाहुणे देतील हे त्यांनी गृहीत धरलेले असे. म्हणजे पाहुणचार यजमानाचा, नाव यजमानाचे, आणि नोकरांच्या पगाराचा भार मात्र पाहुण्यावर. स्कॉटलंडातील सरदार मंडळींनी ही चाल बंद करण्याचा ठराव करून पगार वाढविण्याचे ठरविले. त्याच सुमारास, १७६० मध्ये, एडिंबरोच्या नाटकगृहात नोकरांच्या उधळेपणाची थट्टा करणारे एक प्रहसन लागले, तेव्हा वरच्या सज्जात बसलेल्या नोकरांनी एवढा गोंधळ घातला की त्यांना बाहेर काढावे लागले. १७६४ मध्ये लंडनच्या रॅनले बागेत तर दिवे आणि खिडक्या फुटल्या. त्या नोकरांना आपण सर्वस्वी दोष देऊ शकत नाही. पगारवाढ होईल ती होईल. हातातले नाणे मात्र आजच जाणार होते.

आता अमेरिका. वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु या देशाला टिप देण्याची सवय मुळात नव्हती, आणि नागरिक सारे समान असता एकाने दुसऱ्याच्या हातावर नाणे टेकवावे ही गोष्ट तेथील अनेकांना किळसवाणी वाटे. १८६५ साली यादवी युद्ध संपले. पैसेवाले अमेरिकन लोक युरोपच्या सफरी करू लागले आणि परतताना तेथील सरदारी रीतीभाती घेऊन आले. एवढ्याने चाल रुजली नसती. ती रुजण्यास दुसरे एक कारण झाले. गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले लक्षावधी निग्रो लोक त्याच वेळी कामाच्या शोधात होते, आणि त्यांना काम द्यावे पण पगार देऊ नये, अशी सोय टिपेने होत होती.

याचा सर्वांत ठळक दाखला पुलमन कंपनीचा. जॉर्ज पुलमनने १८६७ मध्ये रेल्वेच्या शयनयानांची कंपनी काढली. गालिचे, आरसे, मऊ अंथरुणे. आणि दिमतीला गणवेशातला सेवक. हे सेवक त्याने मुद्दाम माजी गुलामांतून निवडले. अंथरुणे घालणे, बूट पुसणे, मुले सांभाळणे, रात्री घंटी वाजताच हजर होणे ही सर्व कामे त्यांची. महिन्याला चारशे तास किंवा अकरा हजार मैल भरावे लागत. बुटांचे पॉलिश स्वतःच्या पैशाने आणावयाचे. उतारू त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाका मारीत. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखावयाची जुनी रीत होती, तीच पुढे चालू राहिली. आणि पगार? १९१५ साली अमेरिकन सरकारच्या औद्योगिक संबंध आयोगापुढे ही गोष्ट निघाली तेव्हा आकडा निघाला महिन्याला साडेसत्तावीस डॉलर. एवढ्यात पोट भरत नाही हे उघड होते. बाकीचे उतारू देतील, हे कंपनीचे गृहीतक. आयोगापुढे कंपनीच्या बाजूने साक्ष देण्यास आलेले गृहस्थ कोण होते? रॉबर्ट टॉड लिंकन, कंपनीचे माजी अध्यक्ष. गुलामांना मुक्त करणाऱ्या अब्राहम लिंकनचे चिरंजीव. एखाद्या नाटककाराने हा प्रसंग रचला असता तर आम्ही त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

या सेवकांनी पुढे काय केले ते आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. त्यांनी लोकांना ‘अधिक टिप द्या’ असे आवाहन केले नाही. ते म्हणाले, आम्हांला ठरलेला पगार हवा, म्हणजे तुमच्यापुढे हसण्याची सक्ती उरणार नाही. टिप मिळवावयाची तर सेवकाला रोज शंभर अनोळखी माणसांना खूश करावे लागे, आणि त्यात तो माणूस म्हणून किती उणा होत होता हे रँडॉल्फ यांनी नेमके ओळखले. बारा वर्षे लढा चालला. १९३७ साली कंपनीने करार केला. पगार वाढला आणि महिन्याचे चारशे तास दोनशे चाळीसांवर आले. हेच रँडॉल्फ १९६३ च्या वॉशिंग्टनवरील विराट मोर्चाच्या अग्रभागी होते.

दरम्यान टिपेविरुद्ध कायदेही झाले. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये पहिला केला, आणखी पाच राज्यांनी त्याचे अनुकरण केले. १९२६ पर्यंत ते सर्व रद्द झाले. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही गुन्हेगार ठरविणारा, पण कमी पगार देणाऱ्याला हात न लावणारा कायदा टिकला नाही यात नवल ते काय? उलट दिशेचा कायदा मात्र टिकला. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यात १९६६ मध्ये दुरुस्ती करून हॉटेलवाल्यांना मुभा देण्यात आली की नोकराला मिळालेली टिप किमान वेतनाचा भाग म्हणून धरावी. त्या मुभेचे आजचे रूप असे की संघराज्याच्या कायद्याने तासाला ७.२५ डॉलर किमान वेतन असताना टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालते. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या सात राज्यांनी ही सवलत मानलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. पाहुण्याने यजमानाच्या नोकराचा पगार द्यावा ही हॅनवेच्या काळची गोष्ट येथे कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली. अमेरिकेत हॉटेलात पंधरा-वीस टक्के का द्यावे लागतात, याचे उत्तर तेथील लोकांच्या औदार्यात शोधू नये. ते या २.१३ मध्ये आहे.

हॉटेलातील ही टक्केवारी घरपोच सेवेत शिरली आणि तेथून घोटाळा सुरू झाला. पूर्वी दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा पोरगा हे नाताळच्या देणगीचे धनी, म्हणजे पोस्तवाले. १९६० मध्ये मिशिगनमध्ये मोनॅहन बंधूंनी पिझ्झाचे एक दुकान घेतले. पुढे डॉमिनोज या नावाने घरपोच पिझ्झाचा तो मोठाच धंदा झाला. पिझ्झा आणणारा पोरगा आपली मोटार घेऊन येई आणि त्याच्या हातावर दोन-तीन डॉलर ठेवीत. तोवर ते बक्षीसच होते, कामानंतर, समोरासमोर. २०१२-१३ च्या सुमारास इन्स्टाकार्ट, डोअरडॅश अशा कंपन्या निघाल्या आणि फोनवरून मागणी नोंदविण्याची सोय झाली. आता आणणारा हॉटेलचा नोकर नाही, दुकानाचा नाही, आणि कंपनी म्हणते आमचाही नाही. तो स्वतंत्र कंत्राटदार. म्हणून किमान वेतनाचा कायदा त्याला लागू नाही. मोटार त्याची, पेट्रोल त्याचे, विमा त्याचा.

या व्यवस्थेत टिपेचे काय झाले ते नीट पाहिले पाहिजे. २०१९ पर्यंत डोअरडॅशची रीत अशी होती की एका फेरीला अमुक इतकी रक्कम मिळेल, अशी हमी आणणाऱ्याला आधीच द्यावयाची. समजा ती सात डॉलर. गिऱ्हाइकाने काहीच टिप दिली नाही तर कंपनी सातच्या सात देई. गिऱ्हाइकाने तीन डॉलर दिले तर कंपनी चारच देई. आणणाऱ्याच्या हाती दोन्ही वेळा सातच! तीन डॉलर देणाऱ्या भल्या बाईला वाटे आपण त्या पोराला खूश केले. तिने खूश केले ते कंपनीला. २०१९ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून ही गोष्ट गाजली तेव्हा रीत बदलण्यात आली, आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याशी झालेल्या तडजोडीत कंपनीने एक कोटी साडेसदुसष्ट लाख डॉलर देण्याचे कबूल केले. ॲमेझॉनच्या ‘फ्लेक्स’ या घरपोच सेवेतही असेच झाले. टिपा सर्वच्या सर्व तुमच्या, असे सांगून कंपनी स्वतःचा वाटा त्या टिपांतून भागवीत होती, असा तेथील व्यापार आयोगाचा आरोप होता. २०२१ मध्ये सहा कोटी सतरा लाख डॉलर चालकांना परत देण्याचे ठरले.

ही झाली धन्याची लबाडी. गिऱ्हाईकही काही मागे राहिले नाही. २०२० च्या साथीत, जेव्हा लोक घराबाहेर पडण्यास भीत आणि दुसऱ्याने आपला किराणा आणावा म्हणून आर्जवे करीत, तेव्हा काहींनी मागणीबरोबर मोठी टिप लावून आपले सामान आधी आणविले आणि ते दारात पडताच ती टिप काढून शून्यावर आणली. तशी सोय त्या यंत्रणेत होती. हे वाचल्यावर आम्हांला त्या ड्यूकचा आचारी फारच सज्जन वाटू लागला.

आता आधी सांगितलेला भेद आठवावा. आधी लावलेली ही टिप पाहून चालक फेरी घ्यावयाची की नाही ते ठरवितो. टिप कमी दिसली तर नाकारतो. २०२३ मध्ये तर डोअरडॅशने टिप न लावणाऱ्या गिऱ्हाइकाला सूचना दाखविण्यास सुरुवात केली की तुमचे जेवण पोचण्यास वेळ लागू शकेल. ज्याला तिकडे अजूनही टिप म्हणतात त्याला मराठीत बक्षीस म्हणता येणार नाही. ती पोस्त तर नाहीच. ती लिलावातली बोली आहे, किंवा सरळ सांगावयाचे तर चिरीमिरी आहे. फरक इतकाच की ही चिरीमिरी मागणाऱ्या माणसाला ती मागणे भाग पडते, कारण तीवाचून त्याची फेरी तोट्यात जाते.

तोटा कसा, ते आकड्याने पाहू. व्यवसायासाठी मोटार वापरण्याचा खर्च अमेरिकेच्या आयकर खात्याने २०२५ सालासाठी मैलामागे सत्तर सेंट धरला होता. घर पाच मैलांवर असेल तर जाऊन-येऊन दहा मैल. म्हणजे सात डॉलर नुसते मोटारीचे. कंपनीने त्या फेरीचे तीन-चार डॉलर दिले तर आणणाऱ्याने स्वतःच्या खिशातून तीन-चार घालून तुमचे जेवण आणले असा अर्थ होतो. आणि याच हिशेबाने टक्केवारीचे खुळही उघडे पडते. वीस डॉलरची भाकरी-भाजी असो की शंभर डॉलरची मेजवानी असो, पिशवी एकच, मैल तेवढेच, जिने तेवढेच. उलट चाळीस डॉलरच्या किराण्यात पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणि तांदळाचे पोते असेल तर त्याची पाठ मोडते. हॉटेलात वाढप्याने दोन तास दिमतीला राहावयाचे असते, तेथे बिलाचा आणि श्रमाचा काही तरी संबंध लागतो. दारावर तो लागत नाही. म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या मंडळींना आमचे सांगणे असे : बिलाकडे पाहू नका, अंतराकडे पाहा. जवळच्या फेरीला निदान पाच डॉलर; पुढे मैलांप्रमाणे वाढवा; पाऊस, बर्फ, तिसरा मजला, जड पोती असतील तर त्याहून अधिक. किराणा आणणारा तर दुकानात तासभर तुमच्या यादीतल्या वस्तू निवडीत हिंडलेला असतो, त्याचे निराळे धरा. आणि एकदा लावलेली टिप मागे घेऊ नका. एवढे परवडत नसेल तर स्वतः जाऊन आणण्यात कमीपणा नाही.

तिकडील काही ठिकाणी या रोगाच्या मुळाशी हात घालण्यात आला आहे. कॅलिफोर्नियात २०२० च्या सार्वमताने चालकांना प्रत्यक्ष फेरीच्या वेळेपुरती किमान वेतनाच्या एकशेवीस टक्के हमी मिळाली, आणि टिप त्यात धरावयाची नाही असेही ठरले. मात्र पुढच्या मागणीची वाट पाहत रस्त्यावर घालविलेला वेळ त्या हिशेबात येत नाही. न्यूयॉर्क शहराने वाट पाहण्याचा वेळही धरला. २०२३ मध्ये त्याने तासाला १७.९६ डॉलर असा दर ठरविला. कंपन्या कोर्टात गेल्या, हरल्या, आणि वर्षअखेरीस तो अमलात आला. एप्रिल २०२५ पासून तो २१.४४ झाला. तत्काळ एक गंमत झाली. ज्या कंपन्या गिऱ्हाइकाने आधीच टिप लावावी म्हणून इतका आग्रह धरीत होत्या, त्यांनीच त्या शहरात टिपेचा तक्ता मागणी नोंदविण्याच्या पानावरून काढून जेवण पोचल्यानंतरच्या पानावर टाकला. स्वतः पगार द्यावा लागला तेव्हा त्यांची टिपेबद्दलची कळकळ ओसरली. चालकांच्या टिपा त्यामुळे पुष्कळ घटल्या आणि त्यांनी तक्रार केली, हेही खरे. एडिंबरोच्या नाटकगृहातील नोकरांची तक्रार याहून फार वेगळी नव्हती.

आपल्याकडे काय? घरचे अन्न दुसऱ्याने वाहून न्यावे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १८९० पासून मुंबईत डबेवाल्यांची व्यवस्था चालत आली आहे. तेथे गिऱ्हाइकाकडून महिन्याला ठरलेला मोबदला घ्यावयाचा, डबे वाहणाऱ्यांनी तो आपसांत वाटून घ्यावयाचा, आणि दिवाळीला एका महिन्याचा मोबदला बोनस म्हणून जादा मागावयाचा, अशी रीत आहे. म्हणजे शुद्ध पोस्त. रोजच्या रोज कोणी डबेवाल्यापुढे टक्क्यांचा तक्ता धरीत नाही. त्याला गिऱ्हाईक माहीत असते, आणि एकट्या गिऱ्हाइकाच्या मर्जीवर त्याचे पोट नसते.

फोनवरून चालणाऱ्या नव्या धंद्यात मात्र तिकडचीच रीत आली. अशा कामावर असलेल्यांची संख्या २०२०-२१ मध्ये सत्त्याहत्तर लाख असल्याचा अंदाज नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात दिला. २०२९-३० पर्यंत ती दोन कोटी पस्तीस लाखांवर जाईल असे त्याचे म्हणणे. मे २०२५ मध्ये प्रवासी वाहनाची मागणी नोंदवितानाच आगाऊ टिप लावण्याची युक्ती एका कंपनीने आणली तेव्हा केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांनी तिला अनुचित म्हटले आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली. सेवेच्या आधी बक्षीस कसले, हा त्यांचा प्रश्न ऐकून आम्हांला बरे वाटले. चिरीमिरी आणि बक्षीस यांतील फरक निदान दिल्लीस कळत होता. सामाजिक सुरक्षेची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने अशा कंपन्यांवर उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी देण्याचे बंधन घातले आहे. हे स्वागतार्ह आहे. पण विम्याचे आणि म्हातारपणाचे हे पैसे म्हणजे आजचा पगार नव्हे, आणि तासाचा किमान दर त्यात नाही. फेरीमागे जे मिळेल ते, पेट्रोल वजा जाता, त्या पोराचे.

तेव्हा आपल्या गावात किती द्यावे? फेरीमागे वीस रुपये ही रक्कम आज मध्यमवर्गीय घराला जड नाही, आणि त्या मुलाच्या पेट्रोलला लागते. मुसळधार पावसात, भर दुपारच्या उन्हात किंवा लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर आला तर पन्नास द्यावे. शक्य तर हातात द्यावे, आणि अन्न हाती आल्यावर द्यावे. पाणी विचारावे. दहा मिनिटे उशीर झाला म्हणून कापू नये. उशीर बहुधा स्वयंपाकघरात झालेला असतो, आणि नसला तरी त्याने सिग्नल तोडून यावे असे आपल्याला वाटत असेल तर आपण स्वतःलाच काही प्रश्न विचारले पाहिजेत.

अडचण एका ठिकाणी येते, ती पोस्तेची. दूधवाला तोच येतो, पेपरवाला तोच येतो. दिवाळीला त्यांचे काय ते देता येते. हा मुलगा आज येतो तो उद्या येत नाही. फोनवर त्याचे नाव वीस मिनिटे दिसते आणि जेवण पोचले की पुसले जाते. गेल्या दिवाळीत आम्ही घरात असे ठरविले की वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत जो कोणी पिशवी घेऊन दारात येईल त्याला शंभर रुपये पोस्त म्हणून द्यावयाची. सहा जण आले. त्यांतला एक नगरकडचा होता. पोस्त हा शब्द ऐकून तो थबकला आणि म्हणाला, “काका, आमचे आजोबा म्हणायचे हे.” नोट खिशात घालून तो जिना उतरला, खाली त्याचा फोन पुढच्या फेरीसाठी वाजतच होता.